नवी क्रूझर घेतलीत? पहिल्या महिन्यात या चुका टाळा

शोरूममध्ये क्रूझरवर, म्हणजे बुटक्या सीटच्या आणि पाय पुढे ठेवून चालवायच्या मोटरसायकलवर, बसलेल्या माणसाचं मत दहा सेकंदांत पक्कं होतं. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतात, हँडल आपणहून हाताशी येतं आणि ‘ही तर जुन्या गाडीपेक्षा सोपी’ असं म्हणत तो बुकिंगचे पैसे भरतो. गाडी घरी आली की आठवडाभरात तक्रारी सुरू होतात. वळवायला जड जाते. कंबर धरते. न्यूट्रल सापडत नाही. सिग्नलला बंद पडते. यातल्या बहुतेक तक्रारी गाडीच्या नसतातच. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर वर्षानुवर्षं मुरलेल्या सवयी नव्या गाडीवर चालत नाहीत, एवढंच झालेलं असतं. पण सवय बदलायला वेळ न देता लोक हँडल, सीट आणि सायलेन्सर बदलायला निघतात.

उदाहरणादाखल रॉयल एनफिल्डची मीटिऑर ३५० धरू. २०२० च्या नोव्हेंबरात ती बाजारात आली आणि आयुष्यातली पहिली क्रूझर म्हणून बरेच जण तीच घेतात. तुमच्याकडे बजाजची ॲव्हेंजर असेल तर आकडे बदलतील, चुका त्याच राहतील.

मुहूर्त गाठायचा म्हणून गाडी न तपासता आणणं

दसरा, पाडवा, धनत्रयोदशी. या दिवशी शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि नेमकी त्याच दिवशी आपल्याला गाडी हवी असते. हवी तर घ्या, पण कागदपत्रं आणि तपासणी आदल्या दिवशी उरकून ठेवा. टायरातली हवा, चेनचा ताण, आरशांचे नट, दोन्ही ब्रेक, हेडलाइटचा झोत हे सगळं गर्दीच्या दिवशी नीट बघून देईल असा माणूस विरळा. नंबरप्लेट बसवलेली असणं आणि विम्यात किमान पाच वर्षांचं थर्ड पार्टी संरक्षण असणं बंधनकारक आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण मात्र बहुतेकदा एकाच वर्षाचं असतं, ते पॉलिसीवर वाचून घ्या.

पूजा झाली, नारळ फुटला, फोटो निघाले, की हार काढून ठेवा. हँडलवरून लोंबणारा झेंडू केबलमध्ये किंवा चाकात गेला तर पहिल्याच चौकात शोभा होते. आणि टायर काळेभोर चमकत असतील तर त्यांवर पॉलिश मारलंय का ते विचारा. ते टायरच्या कडेला असेल तर ठीक; जिथे टायर रस्त्याला टेकतो तिथे नको. नवा टायर मुळातच गुळगुळीत असतो. पहिले शे-दीडशे किलोमीटर गाडी फार कलवू नका, जोरात ब्रेक मारायची वेळ आणू नका. डिस्कचे नवे पॅडही तेवढ्या अवधीतच बसतात.

वेगाची भीती बाळगणं आणि हळू चालवायचा सराव न करणं

नवी क्रूझर बहुतेकदा पडते ती ताशी पाच किलोमीटरच्या वेगाला: पार्किंगमध्ये, यू-टर्न घेताना, सोसायटीच्या उतारावर. ऐंशीच्या वेगाला ती इतकी स्थिर असते की चालवणाऱ्याला खोटा आत्मविश्वास येतो.

कारण आकड्यांतच दिसतं. स्प्लेंडरचं वजन ११२ किलो, मीटिऑरचं १९१. सुपर मीटिऑर ६५० घेतली असेल तर २४१. मीटिऑरची सीट ७६५ मिलिमीटरवर, म्हणजे स्प्लेंडरपेक्षाही थोडी खाली असल्याने उभी असताना हे वजन कळत नाही. दोन चाकांमधलं अंतर मात्र १४०० मिलिमीटर, स्प्लेंडरपेक्षा साधारण साडेसहा इंच जास्त. लांब गाडीला वळायला जागा जास्त लागते. गल्लीत जिथे जुनी गाडी एका दमात फिरायची तिथे ही दोनदा पुढे-मागे करावी लागेल. ते मान्य करा. मित्रांसमोर एका दमात फिरवायच्या नादातच लेगगार्डला पहिला ओरखडा पडतो.

सगळ्यांत महागात पडणारी चूक कोणती, तर हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबणं. जुन्या गाडीवर हे खपून जायचं, कारण गाडी कलली तरी एका पायावर सावरता यायची. इथे हँडल वळलेलं, वेग जवळजवळ शून्य आणि पुढचा ब्रेक कचकन लागला की गाडी वळणाच्या बाजूला झुकते आणि पावणेदोनशे-दोनशे किलो एका पायावर येतात. पाय ते पेलत नाही. हळू वेगात मागचाच ब्रेक हलका धरायचा, क्लच अर्धवट सोडलेला ठेवायचा, इंजिन किंचित वाजतं ठेवायचं आणि नजर जिथे जायचंय तिथे. पुढच्या चाकाकडे बघितलंत तर गाडी तिथेच बसेल. पूर्ण थांबण्याआधी हँडल सरळ करा. पुढचा ब्रेक त्यानंतर.

रविवारी सकाळी रिकाम्या मैदानाच्या कडेला किंवा बंद असलेल्या मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये अर्धा तास आठच्या आकड्यात गाडी फिरवा. लोक हसतील, हसू द्या.

रस्त्यावर वेगात असताना मात्र उलटी चूक होते. फक्त पायाचा ब्रेक वापरायची जुनी खोड. दोन चाकांमधलं अंतर जास्त असलेल्या गाडीत मागचा ब्रेक जास्त उपयोगी असतो हे खरं, पण गाडी थांबवण्याचं मुख्य काम तरीही पुढच्या ३०० मिलिमीटरच्या डिस्कचंच. सरळ रस्त्यावर दोन्ही एकत्र, आणि पुढचा झटका न देता वाढवत जायचा.

गाडी पार्क करताना उताराला तोंड करून, भिंतीला नाक लावून लावू नका. निघताना ती चढावर मागे ओढावी लागेल आणि तेव्हा वॉचमन नेमका जागेवर नसतो. उतारावर उभी करायची तर पहिल्या गिअरमध्ये टाका. पावसाळ्यात साइड स्टँड मातीत रुततो, खाली चपटा दगड ठेवा.

आणि पडलीच तर? गाडी पडू लागल्यावर एका मर्यादेपुढे तिला धरायचा हट्ट सोडा, पाय बाहेर काढा. मग इंजिन बंद करा आणि जमल्यास गिअरमध्ये टाका. उजव्या अंगावर पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवा, नाहीतर उचलून दुसऱ्या बाजूला आडवी कराल. सीटला पाठ टेकवून गुडघ्यांत वाका, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची सांगाड्याची पट्टी धरा, आणि पायांच्या जोरावर मागे मागे सरकत उचला. वाकून हातांनी उचलायला गेलात की कंबर गेलीच.

कंबर दुखली की लगेच सीट बदलणं

क्रूझरवर पाय पुढे असल्याने शरीराचा भार माकडहाडावर येतो. साध्या गाडीवर खड्डा दिसला की आपण नकळत फूटरेस्टवर थोडं उठतो. इथे फूटरेस्ट पुढे असल्याने तसं उठता येत नाही आणि धक्का थेट मणक्यात जातो. म्हणून खड्ड्याआधी वेग कमी करणं हा इथला पहिला उपाय, गादी दुसरा.

त्याही आधी फुकटातले उपाय आहेत. मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा ताण सहा टप्प्यांत बदलता येतो. साठ-पासष्ट किलोच्या एकट्या माणसाला तो वरच्या टप्प्यावर असेल तर प्रत्येक स्पीडब्रेकर हाडात वाजतो. मऊ टप्प्यावर आणून बघा. डबल सीट लांब जायचं असेल तर एखादा टप्पा वाढवा. हँडल क्लॅम्पमध्ये थोडं आपल्याकडे फिरवून घेता येतं, ब्रेकचा पेडल आणि गिअरचा लिव्हर तुमच्या बुटाच्या मापाला लावता येतो. सर्व्हिस सेंटरवर स्वतः बसून हे करून घ्या. टायरातली हवा गाडीवरच्या किंवा पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे ठेवा, पंपावरच्या पोराच्या अंदाजाने नको. एवढं करून महिनाभराने दुखलंच तर मग सीटचा विचार करा.

इंजिन ‘ओढतंय’ म्हणून वरच्या गिअरमध्ये ढकलणं

मीटिऑरच्या सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची खालीवर धाव, ८५.८. लांब स्ट्रोकचं इंजिन खालच्या फेऱ्यांतही जोर देतं, त्यामुळे पाचव्या गिअरमध्ये ३५-४० ने गाडी धकधक करत चालत राहते आणि मालकाला पेट्रोल वाचल्याचं समाधान. प्रत्यक्षात इंजिन तिथे गुदमरत असतं. हँडल थडथडू लागलं, चेन झटके देऊ लागली की एक गिअर खाली या.

रनिंग-इनमध्ये, म्हणजे नवं इंजिन रुळेपर्यंतच्या काळात, दोन टोकाचे लोक भेटतात. एक चाळीसच्या वर नेत नाही, दुसरा तिसऱ्याच दिवशी गोव्याला निघतो. पुण्याहून पणजी साधारण साडेचारशे किलोमीटर, आणि पहिली सर्व्हिसिंग ५०० किलोमीटर किंवा ४५ दिवसांची. म्हणजे परत फिरायच्या आत सर्व्हिसिंगची वेळ झालेली, शिवाय हायवेवर तासन्‌तास एकच वेग. नव्या इंजिनाला नेमकं तेच नको असतं. फेऱ्या खालीवर होत राहतील असा मिश्र रस्ता बरा. पहिल्या सर्व्हिसिंगला टाळाटाळ नको, कारण नव्या भागांच्या घासण्यातून निघालेले धातूचे कण त्या पहिल्या ऑइलमध्येच असतात. ॲव्हरेजचा हिशेब त्यानंतरच मांडा, तोही टाकी फुल ते टाकी फुल. ३५० सीसीच्या गाडीने लिटरला ३०-३५ दिले तर तक्रार करू नका.

घाटात जुन्या गाडीसारखं कलवणं

ताम्हिणीच्या वळणांवर जुनी दीडशे सीसी जितकी झुकायची तितकी क्रूझर झुकत नाही. आधी फूटरेस्ट रस्त्याला घासतो. तो आवाज ऐकून घाबरून एकदम थ्रॉटल सोडला की गाडी आणखी खाली बसते, आणि ब्रेक दाबला की ती वळण सोडून सरळ धावू बघते. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात थ्रॉटल एकसारखा ठेवा. रुंद लेगगार्ड बसवला असेल तर तो फूटरेस्टच्याही आधी टेकू शकतो, हे बसवतानाच बघायचं असतं.

उगाच धावपळ करायला लावणारी लक्षणं

पहिल्या दिवशी सायलेन्सरमधून जळका वास आणि थोडा धूर: वरचं तेल, लेप जळतंय. बंद केल्यावर टिकटिक: तापलेला धातू आकसतोय. सिग्नलला उजव्या पोटरीला झळ: एवढ्या इंजिनाला ती असणारच. गाडी गरम असताना प्लॅस्टिकचं कव्हर मात्र टाकू नका, ते सायलेन्सरला चिकटून बसतं.

थांबल्यावर न्यूट्रल सापडत नसेल तर थांबायच्या किंचित आधी, चाक फिरत असतानाच टाका. तरीही अडत असेल तर क्लचची केबल नवी असताना ताणते, लिव्हरचा सैलपणा तपासून घ्या. पहिला गिअर टाकताच गाडी बंद पडते? साइड स्टँड खाली आहे. स्टार्टर फिरतच नाही? हँडलवरचा इंजिन बंद करायचा किल स्विच बघा, मग गिअरमध्ये असेल तर क्लच दाबा. टो व्हॅनला फोन लावण्याआधी एवढं केलं तरी बऱ्याच गाड्या जागेवरच चालू होतात.

याउलट ब्रेक दाबल्यावर लिव्हर स्पंजासारखा आत जाणं, इंजिनाखाली ऑइलचा डाग, एबीएसचा (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा गाडी चालू लागल्यावरही न विझणं, यातलं काहीही दिसलं तर गाडी चालवत सर्व्हिस सेंटरला नेऊ नका, त्यांना बोलवा.

पहिल्याच पगारात ॲक्सेसरीजचा बाजार

मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बेकायदा आहे आणि पोलीस तो जागेवर काढून घेतात. जादा दिव्यांसाठी बाहेरच्या दुकानात वायर कापली तर वॉरंटीवरून वाद होतो आणि बॅटरी उतरण्याचं मूळही तिथेच निघतं. लेगगार्ड आणि मोबाइलचा चार्जर एवढंच लगेच घ्या. चार्जर तयार कनेक्टरला जोडणारा घ्या, इग्निशन बंद केल्यावर तो बंद होतो का ते दुकानातच तपासा आणि बिल गाडीच्या कागदांत ठेवा.