सेशन कुठे ठेवताय? क्लाउडवर या चुका टाळा

"लोकलवर मस्त चालतंय, क्लाउडवर टाकलं की युजर मधेच लॉगआउट होतात" अशी तक्रार आली की मी कोड उघडायच्या आधी एकच विचारतो, सेशन, म्हणजे कोण लॉगिन आहे आणि कार्टमध्ये काय आहे याची नोंद, ठेवलंय कुठे? बहुतेक वेळा ते डिफॉल्ट जागीच असतं, म्हणजे एक्सप्रेस (नोडचं वेब फ्रेमवर्क) असेल तर त्याच प्रोसेसच्या मेमरीत, पीएचपी असेल तर त्याच सर्व्हरवरच्या फाइलमध्ये. सर्व्हर एकच आहे तोवर ठीक, दोन झाले की पहिल्यावर लॉगिन केलेल्या माणसाला दुसरा ओळखत नाही. एक्सप्रेस-सेशन ही लायब्ररी तर प्रॉडक्शनमध्ये स्वतःच वॉर्निंग देतं की हे मेमरी स्टोअर इथे वापरू नका. वाचा ती.

मग कोणीतरी सांगतं, लोड बॅलन्सरवर (रिक्वेस्ट सर्व्हरांत वाटणारा) स्टिकी सेशन चालू कर, म्हणजे एक युजर कायम एकाच सर्व्हरवर जाईल. चालू केलं, तक्रारी थांबल्या, काम झालं असं वाटतं. माझा सगळ्यात जास्त राग या शॉर्टकटवर आहे. एका दुकानाच्या पीएचपी साइटवर दिवाळी सेलमध्ये लोकांचे कार्ट रिकामे व्हायचे, आणि तेही गर्दी ओसरल्यावर. टीमने टाइमआउट डिफॉल्ट १४४० सेकंदांवरून एक दिवस केला, ब्राउझर बदलून बघितले, काही फरक नाही. मी ऑटोस्केलिंगची (गर्दीप्रमाणे सर्व्हर आपोआप वाढवणं-कमी करणं) हिस्टरी उघडून तक्रारींच्या वेळा शेजारी लावल्या तर सरळ जुळल्या: ट्रॅफिक उतरला की सर्व्हर बंद होत होता आणि त्याच्या डिस्कवरची सगळी सेशन्स त्याच्याबरोबर जात होती, टाइमआउट कितीही ठेवला तरी. शिवाय जुने युजर जुन्याच सर्व्हरला चिकटलेले, त्यामुळे गर्दीत वाढवलेले नवे सर्व्हर अर्धे रिकामे. सेशन रेडिसमध्ये (मेमरीत डेटा ठेवणारं, सगळ्या सर्व्हरना सामायिक स्टोअर) हलवलं, स्टिकी बंद केलं, तक्रारी संपल्या.

तेव्हापासून माझी सवय अशी की पहिल्याच आठवड्यात ॲपच्या दोन कॉपी चालवायच्या, लॉगिन करायचं, एक कॉपी मारायची आणि पेज रिफ्रेश करायचं. लॉगिन टिकलं तरच पुढचं फीचर.

रेडिस घेतलं तरी कॅश (पटकन देता यावी म्हणून ठेवलेली डेटाची कॉपी) आणि सेशन एकाच रेडिसमध्ये कोंबू नका. मेमरी भरल्यावर काय काढायचं याची पॉलिसी ऑलकीज-एलआरयू असेल तर ते प्रॉडक्टची कॅश आणि चालू लॉगिन यांत फरक करत नाही, जे जास्त वेळ वापरलं नाही ते उडवतं. मी सेशनला वेगळं रेडिस देतो, नोइव्हिक्शन (काहीच न काढण्याची पॉलिसी) ठेवतो, प्रत्येक की ला (नोंदीला) टीटीएल, म्हणजे मुदत, लावतो आणि मेमरीवर अलर्ट. नोइव्हिक्शनमध्ये मेमरी भरली तर नवीन लॉगिन एरर देतात, म्हणून अलर्ट हवाच. खर्च थोडा वाढतो, वाढू दे.

मेमकॅश्ड (हेही मेमरीतलंच स्टोअर) रीस्टार्ट झालं की सगळे लॉगआउट, हे चालणार असेल तरच वापरा.

सगळं सेशन कुकीत (ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीत) भरू नका, ब्राउझर साधारण ४ केबीच्या पुढे कुकी घेत नाही. जेडब्ल्यूटी (लॉगिनची माहिती आतच असलेलं, सही केलेलं टोकन) नुसतं ट्रेंडमध्ये आहे म्हणून घेऊ नका, चोरीला गेलेलं टोकन मुदतीआधी रद्द करायचं तर रद्द टोकनांची यादी सर्व्हरवर ठेवावीच लागते.

आणि डायनामोडीबीवाल्यांनो (ॲमेझॉनचा क्लाउड डेटाबेस), टीटीएल संपला म्हणजे रेकॉर्ड त्याच क्षणी डिलीट होत नाही, काही दिवससुद्धा तिथेच राहू शकतो आणि वाचला तर परत मिळतो. सेशन वाचताना एक्सपायरीची वेळ कोडमध्ये स्वतः तपासा, नाहीतर मुदत संपलेलं लॉगिन चालू राहील.