बॅटरी कोळशाची जागा घेईल का? वादात उतरण्यापूर्वीचा हिशोब

या वादात उतरताना आधी मेगावॉट (एका वेळी किती वीज देता येते) आणि मेगावॉट-तास (एकूण किती वीज साठते) वेगळे करावेत. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातील हॉर्न्सडेल येथे २०१७ साली उभारलेली बॅटरी १०० मेगावॉटची होती, पण तिची साठवण १२९ मेगावॉट-तासांची, म्हणजे पूर्ण क्षमतेने चालवल्यास ती सव्वा तासात जवळजवळ रिती होणार. त्या राज्यातील शेवटचे कोळसा केंद्र २०१६ मध्येच बंद झाले, हे समोरच्याला जरूर सांगावे. मात्र वायूवरची केंद्रे आणि शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याशी जोडणाऱ्या वीजवाहिन्या त्यानंतरही लागल्या, हे लपवू नये. मग नेमके विचारावे: संध्याकाळचे चार तास भागवायचे आहेत, की वारा पडलेला ढगाळ आठवडा? पहिल्याला तेवढी साठवण असलेली बॅटरी पुरू शकते. दुसऱ्यासाठी, माझ्या मते, उदंचन जलविद्युत (पाणी उंचावर चढवून ठेवायचे आणि गरजेला खाली सोडून वीज करायची) आणि लांब पल्ल्याच्या वाहिन्यांचा हिशोब मांडल्याशिवाय बोलूच नये.