ई-सायकल घ्यायचीय? आधी रस्त्याचा चढ पाहा, मग मोटर

दुकानात बहुतेक ई-सायकलींवर ‘२५० वॅट’ लिहिलेलं असतं, कारण मोटर २५० वॅटच्या आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच सायकलला परवाना आणि नोंदणी लागत नाही. म्हणून त्या आकड्यावरून दोन सायकलींची तुलना करू नका. फरक असतो तो मोटर कुठे बसवलीय आणि ती ताकद कशी देते यात.

१. रोजचा चढ मोजा. फोनवरच्या नकाशात रस्त्याची चढ-उतार दिसते. शंभर मीटरमागे सहा मीटर उंची वाढत असेल, तर तो सहा टक्के चढ. तुमचं आणि सायकलचं मिळून वजन १०० किलो धरलं, तर असा चढ ताशी १५ किलोमीटरने चढायला जवळपास २४५ वॅट लागतात. वारा आणि टायरचं घर्षण वेगळंच. ताशी १० ने गेलात तर सुमारे १६५ वॅट पुरतात.

२. मोटरचा प्रकार ओळखा. मागचं चाक उचलून हाताने पुढे फिरवा. सहज फिरत राहिलं, तर बहुधा गिअरवाली हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसवलेली आणि आत छोटे गिअर असलेली. चुंबकामुळे अडखळल्यासारखं होऊन लवकर थांबलं, तर डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे गिअरशिवाय थेट चाक फिरवणारी हब मोटर: वजनदार, पण आवाज नाही आणि आत झिजणारे गिअर नाहीत. मोटर पेडलांपाशी असेल, तर ती मिड-ड्राइव्ह. तिची ताकद चेनमधून जाते, म्हणून सायकलचे गिअर तिलाही वापरता येतात.

सपाट शहरात, एखादा उड्डाणपूल चढायचा असेल तर गिअरवाली हब मोटर घ्या, मिड-ड्राइव्हवर जास्तीचे पैसे घालू नका. घाटाची गोष्ट निराळी. कात्रज किंवा सिंहगडासारख्या चढावर वेग पडला की हब मोटर मंद फिरते आणि बॅटरीतली बरीच वीज नुसती उष्णता होऊन जाते. मिड-ड्राइव्हमध्ये हलका गिअर टाकला की चाक मंद असूनही मोटर तिच्या सोयीच्या वेगाने फिरते. मात्र चेन आणि मागची चक्रं लवकर झिजतात, आणि चढावर जोर चालू असताना गिअर बदलणं टाळावं लागतं.

३. मोटरने मदत कधी द्यायची ते पेडलवरून ओळखणारा सेन्सर तपासा, आणि तो चढावरच. चढाच्या मध्यात थांबा, तिथूनच पुन्हा निघा. पेडल दाबताक्षणी मदत मिळाली आणि जोर वाढवला तशी वाढली, तर तो पायाचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर. पेडल थोडं फिरल्यावर एकदम धक्का बसला, तर पेडल फिरतंय की नाही एवढंच ओळखणारा साधा केडन्स सेन्सर. गर्दीत हळू चालवताना हा उशीर आणि तो धक्का फार त्रास देतात. दोन सायकलींत निवडायची वेळ आली, तर जास्त न्यूटन-मीटरच्या (मोटरच्या फिरवण्याच्या जोराच्या) आकड्याआधी चांगला टॉर्क सेन्सर बघा.

४. वायर आणि ब्रेक बघा. ब्रेक दाबताच मोटर बंद पडली पाहिजे. मोटरच्या वायरचा कनेक्टर पाणी जाणार नाही असा घट्ट हवा. आपल्या पावसाळ्यात हा तपशील महत्त्वाचा. हब मोटर असेल तर पंक्चर काढताना चाक कसं सोडवायचं, ते दुकानदाराला समोर करून दाखवायला सांगा.

५. शेवटी वॉरंटी. मोटर, कंट्रोलर (मोटरला वीज किती द्यायची ते ठरवणारा भाग) आणि बॅटरी यांची मुदत वेगवेगळी विचारा. हब मोटरमधले नायलॉनचे गिअर सुटे मिळतात का, हेही बिल करण्याआधीच विचारून घ्या.