गजकर्ण आणि नखांची बुरशी : आधी निदान, मग मलम

जांघेत, काखेत किंवा कमरेच्या नाडीखाली गोल, खाजरा चट्टा उठला, त्याची कड लालसर व किंचित उंच असली आणि मधला भाग मात्र निवळत चालला असला, तर तो बहुधा गजकर्ण, म्हणजे त्वचेची बुरशी असते. पावसाळ्यात पायाच्या बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्यांमागेही बऱ्याचदा बुरशीच असते. चट्टा खाजत नसेल आणि त्यावर स्पर्श जाणवत नसेल, तर मात्र कुष्ठरोगाची तपासणी आधी करून घ्यावी. शंका असल्यास डॉक्टर चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून, सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू शोधतात.

औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले मलम हेच आपल्याकडे रोग चिघळण्याचे मोठे कारण आहे. नळीवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असे नाव दिसले, तर त्यात स्टेरॉइड आहे असे समजावे. दोन दिवसांत खाज थांबते, कारण स्टेरॉइड दाह दाबते. बुरशी मात्र पसरत राहते, चट्ट्याची कड पुसट होऊन निदान अवघड होते आणि जांघेतली त्वचा पातळ होऊन तिच्यावर कायमच्या रेघा उमटू शकतात.

चट्टे थोडे असतील, तर क्लोट्रिमॅझोल किंवा लुलिकोनॅझोलसारखे निव्वळ बुरशीनाशक मलम चट्ट्याच्या बाहेर सुमारे 2 सेंटीमीटरपर्यंत लावावे आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही साधारण 2 आठवडे चालू ठेवावे. चट्टे पसरलेले असतील, वारंवार उलटत असतील किंवा डोक्यात असतील, तर गोळ्या लागतात. भारतात फैलावलेल्या ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या बुरशीवर टर्बिनाफिन ही बुरशीनाशक गोळी अनेकदा चालत नाही, म्हणून डॉक्टर इट्राकोनॅझोल हे दुसरे बुरशीनाशक देतात. ते इतर बऱ्याच औषधांशी जुळत नसल्याने चालू असलेल्या सगळ्या गोळ्या त्यांना दाखवाव्यात. घरात आणखी कोणी खाजवत असेल, तर त्याचेही उपचार त्याच वेळी व्हावेत, नाहीतर एकच टॉवेल साऱ्या घराला पुन्हा आजारी पाडतो.

नखाचे निराळे. जाड, पिवळट, भुसभुशीत झालेल्या नखांपैकी जवळजवळ निम्म्यांत बुरशी नसतेच; सोरायसिस हा त्वचाविकार किंवा घट्ट बुटांचा दाबही नख तसेच करतो. म्हणून कातरलेल्या तुकड्याची तपासणी केल्याशिवाय गोळ्या सुरू करू नयेत. टर्बिनाफिन हाताच्या नखांसाठी साधारण 6, तर पायाच्या नखांसाठी 12 आठवडे देतात. पायाचे नख पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष लागते, त्यामुळे गोळ्या संपल्या तरी ते विद्रूप दिसते. बुडाशी नवे, स्वच्छ नख येत असेल, तर औषध लागू पडले आहे असे समजावे.