फाशीच्या अपिलात मानसिक आजाराचा मुद्दा कसा मांडायचा

मसुदा करायला घेण्याआधी आजार कोणत्या काळातला, ते ठरवा. गुन्हा करताना मन ठिकाणावर नव्हतं, हा बचाव भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 चा, म्हणजे जुन्या भादंविच्या 84 चा. खटला चालू असताना आरोपीला स्वतःचा बचाव करता येत नव्हता, हा मुद्दा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 368 चा (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 329). शिक्षा झाल्यावर आजार जडला, तर तो तिसराच प्रश्न. तिन्हींची खिचडी केलेले मसुदे सर्रास दिसतात, आणि मग 'गुन्ह्याच्या वेळी ठणठणीत होता' एवढं म्हणून सरकारी वकील मोकळे होतात.

368 साठी सत्र न्यायालयाचा रोजनामा, म्हणजे दर तारखेच्या कामकाजाची नोंद, पहिल्या तारखेपासून वाचा. आजाराची शंका पुढे आली होती आणि न्यायालयाने चौकशीच केली नाही, असं दिसलं तर तोच अपिलाचा मुख्य मुद्दा करा. फाशी कायम करण्याचं प्रकरण उच्च न्यायालयात असेल, तर त्याच संहितेच्या कलम 408 खाली जादा पुरावा घेण्याची मागणी करता येते.

तिसऱ्या प्रश्नाचा पाया म्हणजे महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल, 'आरोपी एक्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. आजार इतका गंभीर हवा, की शिक्षा काय आहे आणि ती का दिली हेच कैद्याला उमगत नाही. सिद्ध करण्याची जबाबदारी आपली. नुसतं नैराश्य इथे पुरत नाही. स्किझोफ्रेनियासारखा आजार लागतो.

खरी लढाई कागदांची. कारागृहातून, तिथे दाखल होतानाची तपासणी, बाह्यरुग्ण केसपेपर, मनोविकारतज्ज्ञांच्या नोंदी आणि औषधांचा तक्ता मागवा. 'मानसिकदृष्ट्या तंदुरुस्त' असा दाखला आणि त्याच महिन्याच्या तक्त्यावर 'ओलांझापिन 10 मिग्रॅ, रात्री' अशी, म्हणजे स्किझोफ्रेनियासारख्या आजारावरच्या औषधाची नोंद असेल, तर दोन्ही पानं शेजारी-शेजारी जोडा. 'शांत असतो, वेळेवर जेवतो' हा शेराही फसवा असतो. तो गोळ्यांचाच परिणाम असू शकतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 103 नुसार कारागृहाचा वैद्यकीय अधिकारी मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला तिमाही अहवाल पाठवतो. त्यात कारागृहात मनोरुग्ण कैदी नसल्याचं प्रमाणित करायचं असतं. तो अहवालही मागवा, कारण सरकारी पक्ष तो दाखवणारच.

तपासणी एकट्या डॉक्टरावर सोडू नका. वेगवेगळ्या शाखांच्या तज्ज्ञांचं पथक मागा. पथकापुढचा प्रश्न नेमका लिहून द्या. 'आजारी आहे का?' विचारलं तर निदानाचं नाव मिळेल, उत्तर नाही. 'फाशी म्हणजे आपला मृत्यू, आणि तो कोणत्या कृत्यासाठी, हे त्याला कळतं का?' असं विचारा. 'फाशी' हा शब्द उच्चारणारा कैदी आपल्याला मरण नाही असंही ठामपणे मानत असू शकतो. त्याची वाक्यं जशीच्या तशी अहवालात यायला हवीत.

दयेचा अर्ज फेटाळल्याचं कळवल्यापासून फाशीपर्यंत किमान 14 दिवस मिळतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या शत्रुघ्न चौहान प्रकरणात 2014 मध्ये ठरलं. एवढ्यात नवी तपासणी उरकत नाही. म्हणून पथकाची मागणी अपिलातच करा आणि केसपेपरच्या प्रमाणित प्रती दर सहा महिन्यांनी काढत राहा.