लेखनगटात ‘छान जमलंय’च्या पुढचं ऐकायचं असेल तर

लेखनगटात आपलं लिखाण वाचून दाखवलं की बहुतेक वेळा ‘छान जमलंय’ एवढंच हाती लागतं. त्यापेक्षा ते दुसऱ्याला मोठ्याने वाचायला द्या.

१. साधारण ५०० शब्दांचाच भाग निवडा. मोठ्याने वाचायला चार-पाच मिनिटं पुरतात.

२. ओळींना क्रमांक देऊन प्रती काढा (वर्डमध्ये ‘लेआउट’, मग ‘लाइन नंबर्स’, मग ‘कंटिन्युअस’). ‘ते मधलं वाक्य’ शोधण्यात वेळ जात नाही.

३. ज्याने मजकूर आधी पाहिलेला नाही, अशा सदस्याला वाचायला सांगा. आपण स्वतः वाचतो तेव्हा आवाजातले चढउतार कच्च्या वाक्याला सावरून घेतात. नवखा वाचक नेमका तिथेच अडखळतो. तो जिथे मागे जाऊन पुन्हा वाचेल, किंवा संवाद कोणाचा ते न कळल्याने भलत्याच सुरात म्हणेल, तिथे आपल्या प्रतीवर फुली मारा. चर्चेपेक्षा या फुल्याच जास्त कामाच्या ठरतात.

४. शेवटी ‘कसं वाटलं?’ नको, ‘कितव्या ओळीला लक्ष उडालं?’ असं विचारा.

चर्चा चालू असताना ‘मला तिथे असं म्हणायचं होतं’ हा खुलासा मात्र करू नका. तो ऐकला की सगळे वाक्य समजून घेतात आणि दोष कागदावर तसाच राहतो.