तेल भडकलं तरी घर चालावं म्हणून

आखातात ठिणगी पडली की तिची धग आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येते. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं. घरगुती गॅसही निम्म्याहून अधिक आयातच. डिझेल महागलं की भाजी महागते, आणि नेमका त्याच वेळी कुणाचा तरी पगार लांबतो. तयारी म्हणजे माळ्यावर पोती रचणं नव्हे. पैसा, चूल आणि प्रवास या तिन्हींना दुसरी वाट हवी, आणि अडचण येण्याआधी तिच्यावरून एकदा चालून बघायला हवं.

१. आधी महिनाभर मोजा

गॅसची नवी टाकी लावली की तिच्यावर खडूनं तारीख लिहा. पेट्रोल भरताना गाडीचे किलोमीटर टिपा. वाण्याचं बिल, हप्ते, शाळेची फी, औषधं सगळं एकाच वहीत. शेवटी एक आकडा काढा: चैन वगळून, हप्ते धरून, महिन्याला किमान किती लागतात?

२. पैशाची सोय

क्रेडिट कार्डाची थकबाकी आधी संपवा. तिचं व्याज वर्षाला ३६ टक्क्यांच्याही पुढे जातं; कार्ड थकवून मुदत ठेव सांभाळणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. मग वरच्या आकड्याच्या निदान तिप्पट रक्कम चटकन काढता येईल अशी ठेवा. बँकेत, सहकारी बँक धरून, एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत ठेव विमा असतो. ओळखीची पतसंस्था थोडं जास्त व्याज देते खरी, पण तिथे हे कवच नाही.

३. चूल

खरी बचत इथे आहे, आणि ती बहुतेक फुकट आहे. डाळ-कडधान्य भिजवूनच शिजवा. कुकरची पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा, गॅस थोडा आधी बंद करा आणि वाफ आपोआप जिरू द्या. वरण, भात, बटाटे एकाच कुकरच्या डब्यांत लावा.

खिचडी किंवा भात दहा मिनिटं चांगला उकळून, झाकण न काढता जुन्या गोधडीत गच्च गुंडाळून ठेवला तर पुढचं शिजणं आतल्या उष्णतेवर होतं. तासाभरानं उघडून बघा. खायला उशीर होणार असेल तर पुन्हा कडकडीत गरम करा. पेटी पद्धतीचा सौर कुकर गच्चीवर दुपारपर्यंत डाळ-भात शिजवतो, पण पावसाळ्यात त्याची आशा सोडा.

इंडक्शन घ्यावं का? घ्यावं, पण बचतीसाठी नव्हे, अडीअडचणीसाठी. एका १४.२ किलोच्या टाकीइतकं काम करायला साधारण १४० युनिट वीज लागते, असा माझा हिशेब आहे. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांपुढे दर उडी मारतो, म्हणून आपल्या बिलातला दर धरून गुणाकार करा आणि मगच ठरवा. शिवाय भाकरी आचेवर फुगवायची सवय असेल तर इंडक्शन रुसतंच. आठवड्यातून एक दिवस गॅस न पेटवता स्वयंपाक करून बघा, म्हणजे घरातली कुठली भांडी त्यावर चालत नाहीत ते कळेल.

४. धान्य

फ्लॅटमध्ये वर्षाचं धान्य मावत नाही. तीन महिन्यांचं पुरे. कडक ऊन दाखवा, गार झाल्यावरच कोरड्या डब्यात भरा, वर कडुनिंबाचा वाळलेला पाला. गव्हाला एरंडेलाचा हात लावा. खाद्यतेलही मोठ्या प्रमाणात आयातच होतं, तेव्हा तळण सणापुरतं.

५. प्रवास

टायरमधली हवा दर पंधरवड्याला तपासा. एसटीत महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत. गावी जाताना गाडी काढण्याआधी हा हिशेब मांडा. पेट्रोल कॅनमध्ये भरून घरात कधीही साठवू नका.

६. छतावरची वीज, सर्वांत शेवटी

स्वतःचं छत असेल आणि कर्ज अंगावर नसेल तरच. पीएम सूर्य घर योजनेत ३ किलोवॅटच्या सौर संचाला केंद्राकडून ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. मात्र महावितरणच्या जाळ्याला जोडलेला साधा संच वीज गेली की सुरक्षेसाठी स्वतःही बंद पडतो, लख्ख ऊन असलं तरी. भारनियमनात पंखा चालायला हवा असेल तर बॅटरीचा खर्च कोटेशनमध्ये आधीच लिहून मागा.